मालकी तुमची, मेंदू आमचा

जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ हा फोन बाजारात आणला, तेव्हा जाहिरातींचा सगळा रोख त्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर होता. बोलता बोलता भाषांतर करणारा, लांबलचक मजकुराचा सारांश काढून देणारा फोन, अशी त्याची ओळख करून दिली गेली. लंडनमध्ये किंवा पुण्यात हा फोन घेणाऱ्याच्या वाट्याला गूगलचे जेमिनाय आले. शांघायच्या दुकानात बाहेरून हुबेहूब तसाच फोन होता, आत मात्र बायडू या चिनी कंपनीचे एर्नी होते. त्याच वर्षी २० सप्टेंबरला आयफोन १६ चीनमध्ये विक्रीला आला. ज्या ‘अ‍ॅपल इंटेलिजन्स’चा एवढा गाजावाजा झाला होता, ती सुविधा अमेरिकेत ऑक्टोबरअखेर सुरू झाली; चिनी ग्राहकाला अ‍ॅपल तिची तारीखही सांगू शकत नव्हती. पुढे फेब्रुवारी २०२५मध्ये दुबईतल्या एका परिषदेत अलिबाबाचे अध्यक्ष जो त्साय यांनी सांगून टाकले, की अ‍ॅपलने बऱ्याच चिनी कंपन्यांची चाचपणी करून शेवटी आम्हाला निवडले. सॅमसंग कोरियाची, अ‍ॅपल अमेरिकेची. दोघींच्याही फोनवर चीनमध्ये बंदी नाही. जेमिनायचे किंवा चॅटजीपीटीचे नाव घेऊन ‘हे चालणार नाही’ म्हणणारे कलमही चीनच्या कायद्यात सापडत नाही. तरीही दोघींना एकाच वाटेने जावे लागले. असे का झाले, हे समजून घेतले की चीनचे कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे धोरण परदेशी उद्योगांचे नेमके काय करते ते उलगडते.

यासाठी आधी थोडे मागे, मोटारींच्या कारखान्यात जावे लागेल. १९८४मध्ये फोक्सवॅगनने शांघायमध्ये भागीदारीचा करार केला. परदेशी कंपनीने तंत्रज्ञान आणायचे, चिनी भागीदाराने जागा, माणसे आणि सरकारदरबारची ओळख आणायची, असा हा संसार होता. १९९४च्या धोरणाने त्याला नियमाचे रूप दिले : मोटारउद्योगात परदेशी मालकी ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. या अटीवर पाश्चात्त्य कंपन्यांनी तीन दशके कुरकुर केली आणि पैसाही भरपूर कमावला. टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरलाही २०१२मध्ये चेरी या कंपनीशी निम्म्या-निम्म्या भागीदारीतच चीनमध्ये शिरावे लागले; चांगशू इथला त्यांचा कारखाना २०१४मध्ये सुरू झाला. मग वारे फिरले. विजेवरच्या गाड्यांसाठीची मर्यादा २०१८मध्ये उठली, आणि १ जानेवारी २०२२पासून सर्वच प्रवासी मोटारींसाठीची. टेस्लाने तर त्याआधीच, २०१९मध्ये, चिनी भागीदाराशिवाय शांघायमध्ये आपला कारखाना उभा केला. चीन बदलला, आता जोडीदाराची सक्ती उरली नाही, असे त्या वेळी अनेकांनी लिहिले. कागदोपत्री ते खरेच होते. माझे म्हणणे एवढेच, की जोडीदाराची ही अट मालकीच्या दाराने बाहेर गेली आणि सॉफ्टवेअरच्या खिडकीतून पुन्हा घरात आली. परदेशी कंपनीला आज चीनमध्ये पूर्ण मालकी मिळू शकते. तिच्या वस्तूत विचार करणारा जो भाग असतो, तो मात्र चिनीच घ्यावा लागतो.

हे कोणत्या कायद्याने झाले? जनरेटिव्ह एआयविषयीचे चीनचे मुख्य नियम १५ ऑगस्ट २०२३पासून लागू आहेत. सायबरस्पेस प्रशासनासह सात खात्यांनी मिळून ते काढले, आणि ‘तात्पुरते उपाय’ असे त्यांचे नाव आहे. नावावर जाऊ नये. तिथले तात्पुरतेपण बरेच टिकाऊ असते. एप्रिल २०२३मध्ये या नियमांचा जो मसुदा आला होता तो कमालीचा कडक होता. यंत्राने तयार केलेला मजकूर खरा आणि अचूकच असला पाहिजे, अशी त्यात अट होती, आणि ती जगातले कोणतेही यंत्र पाळू शकले नसते. अंतिम नियमांत ती सौम्य झाली. शिवाय एक महत्त्वाची सूट आली : कंपनी हे तंत्र स्वतःच्या भिंतींच्या आत वापरत असेल, संशोधनासाठी वापरत असेल आणि चीनमधल्या जनतेला सेवा देत नसेल, तर हे नियम तिला लागू नाहीत. जनतेला सेवा द्यायची असेल तर मजकूर ‘समाजवादी मूलभूत मूल्यां’शी सुसंगत हवा, प्रशिक्षणासाठीचा डेटा वैध मार्गाने मिळवलेला हवा, आणि जनमतावर प्रभाव पाडू शकणाऱ्या सेवांनी सुरक्षा-मूल्यमापन करून सरकारदरबारी नोंदणी केलेली हवी. परदेशी कंपन्यांविषयी थेट बोलणारी कलमे दोनच. परदेशातून चीनमध्ये दिली जाणारी सेवा नियम मोडत असेल तर ती तांत्रिक उपायांनी रोखण्याची व्यवस्था होईल, असे एक सांगते. परदेशी गुंतवणुकीने त्याबाबतचे कायदे पाळावेत, असे दुसरे. एवढे वाचून एखादा वकील निर्धास्त होऊन चहा मागवेल. परकीयांना मज्जाव कुठेच नाही.

ग्यानबाची मेख पुढे आहे, आणि ती कायद्यात नाही, एका तांत्रिक दस्तऐवजात आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये चीनच्या सायबरसुरक्षा मानक समितीने जनरेटिव्ह एआय सेवांसाठी मूलभूत सुरक्षा-आवश्यकता प्रसिद्ध केल्या. नोंदणीसाठी जाणाऱ्याने स्वतःची परीक्षा कशी घ्यायची, याची ती नियमावली आहे, आणि ती इतकी नेमकी आहे की थोडे थांबून पाहण्यासारखी आहे. धोक्यांचे ३१ प्रकार ठरवून दिले आहेत. एखाद्या स्रोतातल्या मजकुरात ५ टक्क्यांहून जास्त आक्षेपार्ह भाग आढळला, तर तो स्रोतच वापरायचा नाही. प्रशिक्षणाच्या मजकुरातले किमान ४००० नमुने माणसांनी डोळ्यांखालून घालायचे आणि त्यांतले ९६ टक्के निर्दोष निघाले पाहिजेत. निषिद्ध शब्दांचा कोश किमान १०,००० शब्दांचा हवा. चाचणीसाठी किमान २००० प्रश्नांची पेढी हवी. त्यापुढचा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. यंत्राने उत्तर द्यायला नकारच दिला पाहिजे अशा किमान ५०० प्रश्नांचा एक संच बनवायचा. त्यात ९५ टक्के वेळा नकार आला पाहिजे. आणि नकार देताच कामा नये अशा किमान ५०० प्रश्नांचा दुसरा संच बनवायचा. त्यात नकार ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. या दुसऱ्या संचात चीनची राज्यव्यवस्था, इतिहास, संस्कृती, हुतात्मे हे विषय येतात. म्हणजे अवघड विषय निघाला की ‘मला सांगता येणार नाही’ म्हणून अंग काढून घेण्याची सोय यंत्राला नाही. कुठे गप्प बसायचे हे त्याला कळले पाहिजे आणि कुठे बोललेच पाहिजे हेही. परदेशात, जगभरचे इंटरनेट पिऊन तयार झालेल्या यंत्राला हे सोवळे पाळायला शिकवणे फार अवघड. तरी तेही कुणी मनावर घेतले, तर याच दस्तऐवजात आणखी एक ओळ आहे : दुसऱ्याने बनवलेल्या पायाभूत मॉडेलवर आपली सेवा उभारायची असेल, तर ते मॉडेल सरकारकडे नोंदलेलेच असले पाहिजे. सॅमसंग किंवा बीएमडब्ल्यू स्वतः अशी पायाभूत मॉडेले बनवून जगाला विकणाऱ्या कंपन्या नाहीत. त्या ती दुसऱ्याकडून घेतात. म्हणून प्रश्न एवढाच उरतो, की नोंदलेल्यांच्या यादीत कोण आहे. २०२४ अखेर सायबरस्पेस प्रशासनाने नोंदणी झालेल्या सेवांचा आकडा ३०२ सांगितला. चॅटजीपीटी आणि जेमिनाय त्यांत नाहीत. बंदी कुठे आहे, असे विचारणाऱ्याला ती या ओळीवर बोट ठेवून दाखवता येते, आणि तरीही ती बंदी नाही असे बीजिंग म्हणू शकते. मसुदे लिहिणाऱ्यांचे कसब मान्य करायला हवे.

दुसरी कडी डेटाची आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा म्हणून आपण ज्याकडे बघतो, त्याच्या दोन वर्षे आधीच या कडीचा पाया घातला गेला होता. सप्टेंबर २०२१मध्ये डेटा सुरक्षा कायदा, नोव्हेंबरमध्ये वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, आणि मधल्या ऑक्टोबरमध्ये मोटारींच्या डेटाविषयीचे नियम लागू झाले. गाडीच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली रस्त्यावरची दृश्ये, त्यांत माणसांचे चेहरे किंवा नंबरप्लेट असतील तर, ‘महत्त्वाचा डेटा’ ठरतात. तो देशातच साठवायचा आणि बाहेर न्यायचा तर सुरक्षा-मूल्यमापनातून जायचे. टेस्लाने लगोलग शांघायमध्ये डेटा केंद्र उभारले. पण प्रश्न साठवणुकीचा नव्हताच. आपोआप चालणारी गाडी रस्त्याचे लाखो तास पाहून शिकते, आणि टेस्लाची शाळा अमेरिकेत आहे. जानेवारी २०२५मध्ये गुंतवणूकदारांशी बोलताना इलॉन मस्क यांनी हा पेच मोकळेपणाने मांडला : चीन तिथली दृश्ये बाहेर नेऊ देत नाही, आणि अमेरिकी सरकार आम्हाला चीनमध्ये प्रशिक्षण करू देत नाही. त्यावर त्यांच्या अभियंत्यांनी काढलेला तोडगा असा, की इंटरनेटवर कुणालाही बघायला मिळणारे चिनी रस्त्यांचे व्हिडिओ गोळा करायचे आणि संगणकातल्या आभासी रस्त्यांवर सराव करायचा. चीनमधल्या बसच्या मार्गिकांनी सर्वांत जास्त छळले, असेही त्यांनी सांगितले. ठराविक तासांनाच तिथे इतर गाड्यांना मुभा असते आणि चुकले की कॅमेरा तत्क्षणी दंड ठोठावतो. चीनमध्ये स्वतःच्या लाखो गाड्या धावत असताना, त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेला रस्ता सोडून टेस्लाला परक्यांनी टाकलेल्या चित्रफितींवरून चिनी वाहतुकीचे धडे गिरवावे लागले. नकाशांसाठी तिने बायडूचा हात धरला. ऑगस्ट २०२५मध्ये टेस्लाच्या चिनी संकेतस्थळावरच्या अटींतून असेही दिसले, की तिथल्या गाड्यांत बोलणारा मदतनीस डीपसीक आणि बाइटडान्सचा डौबाओ या चिनी मॉडेलांवर चालणार. अमेरिकेतल्या गाड्यांत मात्र मस्क यांचेच ग्रोक बसले होते. भागीदाराशिवाय चीनमध्ये कारखाना काढणारी पहिली परदेशी मोटारकंपनी ती हीच.

जर्मन कंपन्यांनी हे वारे लवकर ओळखले. फोक्सवॅगनने ऑक्टोबर २०२२मध्ये हॉरायझन रोबोटिक्स या चिनी कंपनीबरोबरच्या उपक्रमासाठी २.४ अब्ज युरोंची तयारी जाहीर केली, आणि जुलै २०२३मध्ये एक्सपेंग या विजेच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत सुमारे ७० कोटी डॉलर घालून ५ टक्क्यांच्या जवळपास हिस्सा घेतला. मर्सिडीजने २०२४मध्ये बाइटडान्सशी करार केला, बीएमडब्ल्यूने मार्च २०२५मध्ये अलिबाबाशी. आपल्याकडे चाकणला कारखाने असलेल्या त्याच या मर्सिडीज आणि फोक्सवॅगन. उद्या त्यांच्या चिनी गाडीत आणि बाकी जगातल्या गाडीत पत्रा सारखा असेल, बोलणारा मदतनीस वेगळा. एकाच गाडीचे दोन मेंदू सांभाळायचे म्हणजे दोन अभियंता-पथके, दोन डेटा केंद्रे, दोन ठिकाणच्या चाचण्या, दोन देशांचे वकील. फोक्सवॅगनला हा खर्च पेलतो. जर्मनीतल्या एखाद्या गावातली, दोनशे माणसांची, यंत्राचे सुटे भाग करणारी कंपनी तिच्या यंत्रात एक शहाणा मदतनीस बसवून चीनमध्ये विकू म्हणेल तर तिला हे पेलणार नाही. ती मुकाट्याने त्याशिवायचे यंत्र विकेल, किंवा विकणार नाही. अशा न झालेल्या सौद्यांची नोंद कुठल्याच आकडेवारीत होत नाही, म्हणून या धोरणाचा परिणाम मोजताना आपण नेहमी मोठ्या कंपन्यांचीच नावे घेतो, आणि हा लेखही त्याला अपवाद नाही. चीनमधल्या युरोपीय चेंबर ऑफ कॉमर्सने जानेवारी २०२५मध्ये याच दुभंगावर एक अहवाल काढला. ‘एक जग, दोन व्यवस्था’ असे शब्द त्याच्या शीर्षकातच आहेत. जॅग्वार लँड रोव्हरची वाट तर आणखी पुढे गेली. जून २०२४मध्ये ठरले, की ‘फ्रीलँडर’ हे तिचे जुने, ओळखीचे नाव चेरीबरोबरच्या भागीदारीला वापरू द्यायचे आणि त्या नावाच्या विजेच्या गाड्या चेरीच्या तांत्रिक पायावर बनवायच्या. १९८४मध्ये परदेशी भागीदार तंत्रज्ञान आणत होता आणि चिनी भागीदार जागा देत होता. चाळीस वर्षांनी परदेशी भागीदार नाव आणतो आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप असा, की चीनला दोष कशाला, दार तर अमेरिकेनेच लावले. यात तथ्य आहे. ऑक्टोबर २०२२पासून अमेरिका प्रगत चिपांची निर्यात रोखते आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने चीनमध्ये सेवा कधी दिलीच नाही, आणि जुलै २०२४मध्ये आडवाटेने ती वापरणाऱ्या चिनी विकासकांनाही तोडले. एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीच्या एच२० चिपवर एप्रिल २०२५मध्ये आधी वॉशिंग्टनने परवान्याची अट घातली, मग उन्हाळ्यात ती सैल केली, आणि तेवढ्यात ३१ जुलैला चीनच्या सायबरस्पेस प्रशासनाने कंपनीला बोलावून चिपमध्ये चोरदरवाजा आहे का याचा जाब विचारला. दोन्हीकडून ओढाताण आहे, हे कबूल. पण हा आक्षेप सॅमसंगला लागू होत नाही. ती कोरियन कंपनी आहे. जेमिनाय चिनी ग्राहकाला मिळाले असते तर तिच्या खर्चात बचतच झाली असती. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज यांनाही अमेरिकी निर्बंधांनी अलिबाबाच्या दारात नेलेले नाही. त्यांना तिथे नोंदणीच्या यादीने नेले. चिपांच्या गोष्टीत अमेरिका मुख्य पात्र आहे. मॉडेलांच्या गोष्टीत तिची भूमिका दुय्यम आहे, आणि या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या की चिनी नियमांचे काम आयतेच झाकले जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : चिनी मॉडेले चांगली आहेत, स्वस्त आहेत, चिनी भाषा उत्तम जाणतात, मग परदेशी कंपन्यांनी ती राजीखुशीने घेतली असे का म्हणू नये? जानेवारी २०२५मध्ये डीपसीकचे आर१ हे मॉडेल आले आणि त्याने अमेरिकी शेअर बाजारही हलवला, तेव्हापासून हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. आज एखादी जर्मन कंपनी मोकळ्या बाजारातही चिनी ग्राहकासाठी चिनी मॉडेल निवडील, हे अगदी संभवते. सक्ती जाचत नाही याचे कारण सक्तीचा माल चांगला निघाला, असे घडू शकते आणि इथे बऱ्याच अंशी घडले आहे. फक्त तारखा पाहाव्यात. सॅमसंगने एर्नी बसवले तो जानेवारी २०२४ होता, आर१च्या वर्षभर आधीचा. त्याही आधी, ऑगस्ट २०२३मध्ये, नियम लागू होण्याच्या तोंडावर अ‍ॅपलने आपल्या चिनी अ‍ॅप स्टोअरमधून चॅटजीपीटीसारखी अनेक अ‍ॅप काढून टाकली, तेव्हा ग्राहकाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच आला नव्हता. ताटात एकच भाजी वाढली असेल तर जेवणाऱ्याने ती आवडीने खाल्ली यावरून त्याची आवड ठरवता येत नाही. शिवाय स्पर्धेविना मिळालेल्या या दोन वर्षांच्या मोकळ्या मैदानाचा बायडू, अलिबाबा आणि बाइटडान्स यांना किती लाभ झाला, हेही त्या गुणवत्तेच्या हिशेबात धरायला हवे.

तिसरे म्हणणे चिनी अधिकारी स्वतः मांडतात, की आम्ही सतत सैल होतो आहोत. २२ मार्च २०२४च्या नियमांनी डेटा बाहेर नेणे खरोखर सोपे झाले. वर्षाला एक लाखाहून कमी माणसांची, संवेदनशील नसलेली माहिती पाठवायची असेल तर कसलीच औपचारिकता नाही. दहा लाखांपर्यंत प्रमाणित करार पुरतो. त्यावर गेले तरच सरकारी मूल्यमापन. एखाद्या डेटाला सरकारने ‘महत्त्वाचा’ म्हणून जाहीर केले वा कळवले नसेल, तर तो तसा नाही असे धरून चालता येते. चीनमध्ये शे-दोनशे कर्मचारी असलेल्या कंपनीला पगारपत्रके मुंबईच्या किंवा म्युनिकच्या मुख्यालयात पाठवताना आता घाम फुटत नाही. कंपनीच्या आतल्या वापराला जनरेटिव्ह एआयचे नियम लागत नाहीत हे वर आलेच. ही सैलता मी दिखाऊ मानत नाही. पण ती कुठे आली आणि कुठे आली नाही, ते बघा. कारखाना, पगार, हिशेब, संशोधन इथे हात सैल झाला. जिथे यंत्र थेट चिनी माणसाशी बोलते, तिथे मूठ आणखी आवळली : १ सप्टेंबर २०२५पासून यंत्राने बनवलेल्या मजकुरावर दिसणारी आणि न दिसणारी अशी दोन्ही प्रकारची खूण करणे बंधनकारक झाले, आणि १ जानेवारी २०२६पासून सायबरसुरक्षा कायद्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे कलम आले. खुणेचा नियम मला स्वतःला चांगला वाटतो. खोट्या चित्रफितींनी गांजलेल्या कुठल्याही समाजाला तो हवासा वाटेल. चिनी राज्यकर्त्यांच्या मनातला क्रम मात्र यातून कळतो. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या त्यांच्या २०१७च्या योजनेत २०३०पर्यंत जगात पुढे जाण्याचे लक्ष्य होते, तरी या नियमांचा जन्म उद्योगाच्या चिंतेतून झाला असे मला वाटत नाही. जनतेशी कोण काय बोलते यावर नजर ठेवणे हा मूळ हेतू. परदेशी स्पर्धक बाहेर राहिले हा वरकड नफा. एकदा तो हाती लागल्यावर कोण सोडतो?

राहिला चौथा आक्षेप, की असे नियम कोण करत नाही? युरोपनेही केलेच आहेत. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदा १ ऑगस्ट २०२४पासून अमलात यायला लागला; त्यात सर्वांत गंभीर गुन्ह्याला साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यांतले जे जास्त तितका दंड आहे, आणि युरोपबाहेरची कंपनीही त्याच्या कक्षेत येते. जाच म्हणाल तर कमी नाही. फरक इटलीच्या एका उदाहरणात स्पष्ट दिसतो. ३१ मार्च २०२३ रोजी तिथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने चॅटजीपीटी रोखले. ओपनएआयने वयाची पडताळणी, वापरकर्त्याचे हक्क वगैरे बाबतींत बदल केले आणि २८ एप्रिलला सेवा पुन्हा सुरू झाली. चॅटजीपीटी म्हणूनच, कुठल्या इटालियन कंपनीच्या नावाखाली नव्हे. युरोप विचारतो, तुमचे यंत्र काय करते? चीन तेही विचारतो आणि शिवाय विचारतो, यंत्र कुणाकडे नोंदलेले आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कंपनी स्वतः मेहनतीने बदलू शकते. दुसऱ्याचे उत्तर तिच्या हातात नसते. म्हणून युरोपात परदेशी कंपनीचा खर्च वाढतो आणि चीनमध्ये तिची जागा बदलते, असा भेद मी करतो.

भारताने याबाबतीत एकदा पाय पुढे टाकून मागे घेतला आहे. १ मार्च २०२४ रोजी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एक सूचनापत्र काढले : चाचणी अवस्थेतली, भरवशाची न ठरलेली मॉडेले भारतीय वापरकर्त्यांना द्यायची असतील तर सरकारची स्पष्ट परवानगी घ्या. देशातल्या नवउद्योजकांनीच त्यावर इतका गदारोळ केला, की १५ मार्चला नवे पत्र निघाले आणि परवानगीची अट गळाली. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेल्या भारताच्या मार्गदर्शक तत्त्वांनीही तूर्त वेगळा कायदा नको अशीच भूमिका घेतली. चीनमध्ये अशा गदारोळाने मसुदा सौम्य होतो, नोंदणी जात नाही. तरी आपण फार वेगळ्या मातीचे आहोत असे समजायचे कारण नाही. जानेवारी २०२५च्या अखेरीस, डीपसीकची चर्चा शिगेला पोचली असताना, अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीक दोन्ही वापरू नका असे कळवले. त्याच आठवड्यात माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी डीपसीकचे मॉडेल वापरण्याचा मार्गही सांगितला : ते भारतातल्या सर्व्हरवर बसवले जाईल.